जुन्या सर्किट बोर्डाच्या फक्त गर्बर फाइल्स (कारखान्यात बोर्ड छापायला देतात त्या थरांच्या चित्रफाइल्स) आहेत, एक कनेक्टर सरकवायचाय, त्यात बदल करता येईल का?

हो, येतो. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत हे नेहमीचं आहे: मशीन चालू, बोर्ड बनवणारा गायब, हातात फक्त गर्बरची झिप. तुम्हाला एक कनेक्टर सरकवायचाय, म्हणजे कायकॅड (KiCad, बोर्ड डिझाइनचं सॉफ्टवेअर) पुरेल, आणि ते फुकट आहे.

कायकॅडमधल्या गर्बव्ह्यूमध्ये (गर्बर बघायचा प्रोग्राम) सगळे लेयर, म्हणजे बोर्डाचे थर, आणि ड्रिल फाइल (भोकांची जागा आणि माप) उघडा, मग फाइल मेनूतून पीसीबी एडिटरला (कायकॅडचाच बोर्ड काढायचा भाग) एक्स्पोर्ट करा. कोणता गर्बर लेयर कुठे जाणार हे तिथे विचारतात, घाई करू नका. ड्रिल फाइलकडे खास लक्ष द्या. माझ्या एका बोर्डात सगळी भोकं एका कोपऱ्यात गोळा झाली होती. इंच-मिलिमीटर आणि शून्यांची मांडणी चुकीची वाचली गेली होती.

पण एक गोष्ट पक्की समजून घ्या. साध्या गर्बरमध्ये फक्त चित्र असतं, कोणती पिन कुठे जोडली हे नसतं. त्यामुळे कनेक्टर सरकवला तरी ट्रॅक (तांब्याच्या रेषा) मागे येत नाहीत, आणि तुटलेली जोडणी डीआरसी (कायकॅडची आपोआप चुका शोधणारी तपासणी) पकडत नाही. एकेक जोडणी मल्टीमीटरने मूळ बोर्डावर तपासाच. बदल तीन-चारपेक्षा जास्त असतील तर सरळ स्किमॅटिक (कोणती पिन कुठे जोडली याचा नकाशा) नव्याने काढा, आणि गर्बर खाली ठेवून नवा बोर्ड वर गिरवा.