आंबा उद्योगाच्या लेखा विभागात वर्षभर काम करण्यापूर्वी

रत्नागिरीतील आंबा विक्री व प्रक्रिया उद्योगाच्या लेखा विभागात वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी तुम्ही रुजू होत आहात, तेव्हा सुरुवातीचे काही महिने व्हाउचर (व्यवहाराच्या पुराव्याचे कागद) लावण्यात आणि बँकेचे जुळवणीपत्रक (आपली रोकडवही आणि बँकेचा उतारा ताडून पाहणारा तक्ता) करण्यात जातील, हे गृहीत धरा आणि त्या कामाला कमी लेखू नका. ज्याला जुळवणी मनापासून जमली, त्यालाच पुढे ताळेबंद नीट वाचता येतो, असे माझे ठाम मत आहे. रोकडवही आणि बँकेचा उतारा यांत फरक आला, तर आकडा ओढूनताणून बसवू नका. बागायतदाराला दिलेला धनादेश अजून वटलेला नाही, बँकेने शुल्क कापले आहे, की एकच नोंद दोनदा पडली आहे, हे मूळ कागद काढून पाहा. फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल, तर बहुधा 540 च्या जागी 450 असे अंक उलटे पडलेले असतात.

मागच्या महिन्याच्या टीडीएसचा (पैसे देतानाच कापून घेतलेल्या आयकराचा) भरणा, मार्चचा अपवाद सोडता, दरमहा 7 तारखेपर्यंत, तर मासिक विवरणपत्रे भरणाऱ्यांचे जीएसटीआर-1 हे जीएसटीचे विक्रीचे विवरणपत्र 11 पर्यंत आणि जीएसटीआर-3बी हे कर भरण्याचे गोषवारा विवरणपत्र 20 पर्यंत जायला हवे. कोकणात 31 मार्चची वर्षअखेर हापूसच्या हंगामातच येते, म्हणून मालसाठ्याची मोजणी आणि फळांची आवक एकाच वेळी चालते. त्या दिवसांत आवकेची प्रत्येक पावती त्याच दिवशी नोंदवा आणि परवानगी मिळाल्यास मोजणीला स्वतः गोदामात उभे राहा. गणपतीची रजा मात्र आधीच मागून ठेवा, कारण विवरणपत्रांच्या तारखा सणासाठी आपोआप पुढे सरकत नाहीत.