‘ते लोक येतच नाहीत’ याबद्दल
तुमचा प्रश्न असा, की डोंगरातल्या एकाच गावातून, त्याच पायवाटेनं, एका समाजाच्या बायका बाळंतपणाला दवाखान्यात जातात आणि दुसऱ्या समाजाच्या घरीच राहतात. मग हा अडाणीपणा नाही तर काय?

आरोग्याच्या या कामात बरीच वर्षं घालवूनही ‘ते लोक येतच नाहीत’ हे ऐकलं की मला त्रास होतो. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, आयाकुचो भागात, अँडीजच्या डोंगरात सांतियाना नावाचा जिल्हा आहे. वस्ती केचुआ या मूळनिवासी लोकांची, भाषाही केचुआच. १९९९ साली तिथली जेमतेम ६ टक्के बाळंतपणं आरोग्यकेंद्रात होत. उताणं झोपवतात, घरच्यांना आत घेत नाहीत, बाळामागून पडणारी वार परत देत नाहीत, बोललेलं कळत नाही, अशा बायकांच्या तक्रारी होत्या. मग खोलीत दोर आणि बाकडं आलं. बाई दोर धरून, अंग उभं ठेवून जोर करणार, घरची माणसं आणि दाई जवळ, बोलणं केचुआत. २००७ पर्यंत ते प्रमाण ८३ टक्क्यांवर गेलं. डोंगर होता तेवढाच उंच होता.

नेपाळनं २००५ मध्ये दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला प्रवासखर्च सुरू केला : तराईच्या सपाट भागात ५००, पहाडात १०००, हिमाली भागात १५०० रुपये. चांगलीच योजना. पण तिनं उंची मोजली. जात आणि भाषा तिच्या हिशेबात नव्हत्या.

आणि दवाखान्यात पोचणं म्हणजे उपचार मिळणं नव्हे. एका केंद्रात पाहिलेलं सांगते. बाईला डॉक्टरांची भाषा येत नव्हती, म्हणून तिचा शाळकरी मुलगाच दुभाषा. ‘पोट दुखतं’ एवढंच तिनं सांगितलं, गोळ्या घेतल्या आणि उठली. दाराबाहेर तिच्याच समाजाच्या स्वयंसेविकेला म्हणाली, अंगावरून जातंय तीन महिने. मुलाच्या तोंडून ते कसं सांगायचं? नोंदवहीत मात्र तिला उपचार मिळाला होता.

थॅडियस आणि मेन या संशोधकांनी १९९४ मध्ये माता-मृत्यूंमागचे तीन विलंब मांडले : निर्णयाला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचाराला उशीर. माझ्या मते तिसरा विलंब अनुभवाची गोष्ट होऊन गावात परत येतो आणि पुढच्या बाईचा पहिला विलंब होतो. म्हणून रुग्णवाहिका मागाच, पण त्याआधी केसपेपर काढणाऱ्या खिडकीत तिची भाषा बोलणारं माणूस बसवा.