नेरुळहून न्यू जर्सीला येताना औषधांचं काय करायचं

तुझा प्रश्न वाचला. नवऱ्याचा नोकरीचा एच-वन व्हिसा झाला, सहा वर्षांची लेक बरोबर, सासूबाई मागाहून सहा महिन्यांसाठी येणार, त्यांना शुगर आणि बीपी. मग औषधं नेरुळहूनच भरून न्यायची का, आणि इथे औषधांना महिन्याला किती लागतात? व्हिसाचं आणि इन्शुरन्सच्या प्लॅनचं सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी उगाळत नाही. मी ठाण्याच्या नौपाड्यातली, आता न्यू जर्सीतल्याच एडिसनला असते.

आधी सासूबाई. शुगरची मेटफॉर्मिन, बीपीची अम्लोडिपिन या साध्या जेनेरिक गोळ्या इथेही स्वस्तच. वॉलमार्टमध्ये विमा नसला तरी मेटफॉर्मिन चार डॉलरला महिनाभराची मिळत आली आहे. पंचाईत होते व्हिल्डाग्लिप्टिन या शुगरच्या गोळीची. आपल्याकडे 2019 मध्ये तिचं पेटंट संपलं, भाव कोसळला, आता कुणाचीही चिठ्ठी काढ, त्यात ती असतेच. अमेरिकेत तिला मंजुरीच नाही. तशाच टेनेलिग्लिप्टिनलाही नाही. शिवाय आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी इथलं दुकान घेत नाही, आणि पाहुण्यांच्या विम्यात जुनी दुखणी बहुतेक वेळा वगळलेली असतात. म्हणून निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांकडून प्रत्येक गोळीचं मूळ नाव (कंपनीचं ब्रँडनाव नव्हे) आणि ताकद टाइप करून, सहीशिक्क्यासह घे. साधारण 90 दिवसांचा साठा मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसकट असला तर सहसा कुणी अडवत नाही. वर्षभराचा आणू नकोस.

आता खर्च. इथे 1996 पासून एक सरकारी पाहणी चालते, घरोघर विचारतात की डॉक्टरला किती गेले, औषधाला किती गेले. तिच्यावरचे अभ्यास सांगतात की बाहेरून आलेले लोक इथे जन्मलेल्यांपेक्षा कमी औषधं घेतात आणि त्यावर कमी खर्च करतात. कारणं उघड आहेत. येतो तेव्हा आपण तरुण असतो, धडधाकट असतो. बऱ्याच जणांकडे विमा नसतो, असला तरी डिडक्टिबलच्या, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी आपल्या खिशातून भरायच्या रकमेच्या, धास्तीने डॉक्टरकडे जात नाहीत. जो डॉक्टरकडे जात नाही त्याचं बीपी सापडत नाही, मग गोळी कुठली? पाहणीवाले औषधांच्या दुकानांकडूनही माहिती घेतात म्हणे. नौपाड्यातल्या गोखले रोडच्या केमिस्टला कोण विचारणार?

कारण आमची औषधं तिथून यायची. नवऱ्याची थायरॉइडची गोळी, माझी ॲसिडिटीची, लेकीचं सर्दीचं. आई स्वतः जाऊन घ्यायची. केमिस्ट स्ट्रिप कापायला लागला की म्हणायची, कापू नका, तारीख त्याच टोकाला असते. मग प्रत्येक स्ट्रिपवर बॉलपेनने ‘सकाळ’, ‘रात्र’, आणि वर रबर. पैसे बाबांच्या पेन्शनमधून. देऊ केले की म्हणायची, तुझ्या एका डॉलरचं इथे काय काय येतं, राहू दे. पाहणीत आम्ही काटकसरी आणि निरोगी. त्या काटकसरीचं बिल नौपाड्यात फाटत होतं, हे मला कळत होतं, आणि सोयीचंही होतं. अजूनही ते नीट बोलून झालेलं नाही.

शाळेचं विचारलं नाहीस, पण सांगते, माझं अजून डोकं फिरतं. आपल्याकडून आलेल्या मुलाची टीबीची तपासणी मागतात. लेकीच्या हातावर टोचून पाहिलं, दोन दिवसांनी गाठ आली. आपल्या मुलांना जन्मतः टीबीची बीसीजी लस देतात, त्यामुळे ती येऊ शकते. पण नर्सने पट्टी लावून मोजली आणि मुलीला घरी पाठवलं. छातीचा एक्स-रे स्वच्छ, तरी डॉक्टरांचं तसं पत्र येईपर्यंत वर्गात नाही. ते पत्र एकदा फॅक्स मशीनमध्ये हरवलं. फॅक्स! शेवटी रक्ताची तपासणी केली, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही, ती निगेटिव्ह आली. ती तपासणी पहिल्याच दिवशी का नाही सुचवली? एक्स-रेचं बिल आमच्याच डिडक्टिबलमध्ये. लेक वर्गात परतली तेव्हा एका पोराने विचारलं, तू आजारी आहेस ना? तू मात्र आधीच रक्ताची तपासणी मागून घे. लसींच्या कार्डावर महिना अक्षरात लिहून घे, नाहीतर पाच जूनचा सहा मे होतो. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी कार्यक्रमात नाही, इथली शाळा मागते.

एकटेपणाचं म्हणशील तर पहिला हिवाळा जड जातो, मग सवय होते.

सासूबाईंना पुढे कायमचं आणायचं मनात असेल तर ग्रीन कार्ड मिळूनही मेडिकेअर, म्हणजे इथला ज्येष्ठांचा सरकारी विमा, विकत घ्यायला पाच वर्षं सलग इथे राहावं लागतं. तोवर विमा स्वतःच बघायचा. आम्ही आईच्या बाबतीत हा हिशेब मांडला आणि तिथेच थांबलो. ती म्हणाली, मलाच यायचं नव्हतं. खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून, ते विचारायचं धाडस मी केलं नाही. आता तिच्या गोळ्या मी ॲपवरून मागवते आणि स्ट्रिप कापलेली आली म्हणून ती मलाच फोनवर बोलते.