'कर्णधार' हा शब्द महाभारतातल्या कर्णावरून आला आहे का?

मुलीला शाळेत 'कर्णधार'ची फोड विचारलीय आणि घरात कुणीतरी कुंतीचा कर्ण सांगितलाय, असं तुम्ही लिहिलंय. शिवाय 'सुकाणू' मूळ मराठी का, आणि नावेवरचे वाक्प्रचार कोणते, हेही विचारलंय.

त्या कर्णाचा काही संबंध नाही. संस्कृतात कर्ण म्हणजे कान, तसंच नावेचं सुकाणूही. ते धरणारा तो कर्णधार. अमरकोशात 'कर्णधारस्तु नाविकः' असं सरळ दिलंय. सुकाणू मात्र अरबी 'सुक्कान'वरून आलंय. पण एक गोष्ट कोश सांगत नाही: कर्णधार नावेत सगळ्यांच्या मागं बसतो.

आमचं गाव सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णाकाठी. श्रावणात होड्यांच्या शर्यती असतात. माझे चुलते, नाना, आमच्या होडीत मागचं मोठं वल्हं धरायचे. मी अकरावीत असताना पहिल्यांदा त्या होडीत बसलो. थोरला चुलतभाऊ, दादा, सगळ्यात पुढं. धारेच्या विरुद्ध जायचं, पाण्यात बांधलेल्या पिंपाला वळसा घालायचा आणि परत यायचं. समोरची होडी सुटल्याबरोबर नदीच्या मधून निघाली. नानांनी आमची काठाला घातली, इतकी की बाभळीच्या फांद्या पाठीला ओरबाडत होत्या. दादा ओरडला, "नाना, मधनं घ्या की, गेली ती पुढं!" नाना गप्प. काठाला धार मंद असते, मध्ये जोराची. जाताना काठ धरायचा, येताना मध्य गाठायचा. पिंपाजवळ आम्ही त्यांना गाठलं. त्यांनी तिथंच वळायला घेतलं, होडी धारेला आडवी झाली आणि पिंपाला वळसा न पडताच खाली वाहत गेली. नाना मात्र पिंपाच्या बरेच वर गेले, मग वल्हं दाबलं. पुढचं वळणाचं काम धारेनंच केलं. येताना आम्ही मधून आलो, एकटेच.

संध्याकाळी देवळापुढं सत्कार झाला. वल्ही मारणाऱ्या सगळ्यांना फेटे बांधले, मलासुद्धा. यादीत नानांचं नावच नव्हतं. दादा आजही म्हणतो, "जोर आमचा होता, नाना नुसते बसले होते."

मला हे अजून सहन होत नाही. पुढं उभा राहून हात हलवणाऱ्या कुणालाही पेपरात कर्णधार म्हणतात, ते चूक आहे. २०१९ च्या ऑगस्टातल्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. गल्लीतनं माणसं काढायला नाना पुन्हा होडीत मागंच बसले. आठाच्या वर माणूस चढलं की वल्हं मांडीवर आडवं घेऊन थांबायचे. जास्तीचं माणूस उतरेपर्यंत होडी हलायची नाही, मग कुणी कितीही शिव्या देवो. दादाची दोन्ही पोरं त्याच होडीतनं बाहेर आली.

वाक्प्रचारांचं म्हणाल तर 'सुकाणू हाती घेणे' म्हणजे कारभार हाती घेणे. 'सुकाणू समिती' त्यातलीच. 'दोन नावांवर पाय' हे हिंदीतलं आहे, आपल्याकडे पाय दोन दगडांवर असतात. बाकीचे कोशात मिळतील.

वल्ही मारणाऱ्यांशिवाय होडी जागची हलत नाही, हे मान्य. आणि हे सगळं आमच्या नदीचं झालं. कोकणातली मंडळी नावेच्या प्रमुखाला तांडेल म्हणतात, तिथले रिवाज त्यांनी सांगावेत.

मुलीला शब्दाबरोबर चित्रही काढायचं असेल, तर कर्णधार होडीच्या मागच्या टोकाला काढायला लावा. आणि दादा, तू हे वाचत असशील तर येत्या श्रावणात पहिला फेटा नानांना बांधायचा. शहात्तर वर्षांचे झालेत ते.