सगळेच कापावे लागेल का?

लिंगाच्या कर्करोगाचे निदान झालेले पुरुष समुपदेशनासाठी येतात तेव्हा बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न असतो, आणि तो ओठांवर येण्याआधी ते बराच वेळ झोप, भूक, रजा अशा इतर गोष्टींवर बोलत राहतात. सगळेच कापावे लागेल का, हा तो प्रश्न. याच धास्तीने अनेक जण महिनोन्‌महिने दुखणे लपवतात, म्हणून एका रुग्णाचा अनुभव, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, येथे मांडत आहे.

हे गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले होते. अग्रत्वचा, म्हणजे लिंगाच्या टोकावरची कातडी, कित्येक वर्षे नीट मागे सरत नव्हती आणि तिच्याखालच्या चट्ट्यातून अधूनमधून रक्तमिश्रित पाणी येत असे. औषधाच्या दुकानातून मलम आणून ते लावत राहिले, पत्नीला ‘लघवीचा संसर्ग आहे’ एवढेच सांगितले. बायोप्सीचा अहवाल त्यांनी इतक्या घड्या घालून खिशात ठेवला होता की माझ्यासमोर उलगडताना तो घडीवर फाटू लागला. मूळ प्रश्न त्यांनी विचारला तो त्या कागदाकडे पाहत.

मी त्यांना सांगितले की शस्त्रक्रिया किती करायची हे तुमचे डॉक्टर गाठ किती खोल गेली आहे आणि तिच्या पेशी किती आक्रमक आहेत हे पाहून ठरवतील, परंतु या बाबतीत वैद्यकशास्त्राची भूमिका बदलली आहे हे तुम्हाला माहीत असायला हवे. पूर्वी गाठीच्या कडेपासून २ सेंटिमीटर निरोगी भाग काढावा असा दंडक होता आणि एवढ्याशा अवयवात त्याचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगायला नको. काढलेल्या भागांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली तेव्हा दिसणाऱ्या कडेपलीकडे रोग सहसा फार दूर गेलेला नसतो असे आढळले, आणि आता कडा रोगमुक्त असेल तर काही मिलिमीटरचे अंतरही पुरेसे मानले जाते. अगदी वरवरच्या रोगात मलमाच्या रूपातील औषध किंवा लेसर, त्याहून पुढच्या अवस्थेत केवळ गाठ अथवा शिश्नमुंड (लिंगाचे टोक) काढून त्वचारोपण, निवडक रुग्णांत रेडिएशन असे पर्याय आहेत. रोग खोलवर गेला असेल तर मात्र अंशतः किंवा पूर्ण छेदन टळत नाही, हेही मी लपवले नाही. अवयव वाचवल्यास त्याच जागी रोग परत येण्याची शक्यता थोडी अधिक राहते, पण तो वेळेत सापडल्यास पुन्हा उपचार करता येतात आणि एकूण आयुर्मानावर त्याचा फारसा परिणाम दिसत नाही.

त्यांच्या बाबतीत रोग लवकरच्या अवस्थेत होता, अवयवाचा बराचसा भाग राखता येणार होता. मात्र डॉक्टरांनी जांघेतील लसिकाग्रंथी, म्हणजे लसिका हा शरीरद्रव गाळणाऱ्या छोट्या ग्रंथी, तपासण्याचा सल्ला दिला तेव्हा ते अडून बसले. ‘तिथे गाठच लागत नाही, मग चिरा कशाला?’ त्यांचा आक्षेप स्वाभाविक होता, तरी माझ्या मते या आजारात सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच असतो. रुग्णाचे सारे लक्ष अवयवाकडे असते. जीव वाचणे न वाचणे मात्र बरेचसे जांघेवर अवलंबून असते. हाताला काहीही न लागणाऱ्या रुग्णांपैकीही सुमारे २० ते २५ टक्के जणांच्या ग्रंथींत रोगाचा सूक्ष्म शिरकाव झालेला असतो. पूर्वी त्यासाठी सरसकट सर्व ग्रंथी काढत, आणि नंतर जखम न भरणे व पायाला कायमची सूज येणे हे त्रास अनेकांना होत. लसिकेचा प्रवाह प्रथम ज्या ग्रंथीत पोहोचतो तीच आधी तपासावी, हा विचार डॉ. रामोन कबानास यांनी १९७७ साली याच कर्करोगाच्या संदर्भात मांडला; पुढे तो स्तनाच्या कर्करोगातही रूढ झाला. आता किरणोत्सारी द्रव्य आणि निळा रंग टोचून ती ग्रंथी शोधतात व तेवढीच काढून तपासतात. हे ऐकल्यावर त्यांनी होकार दिला.

पत्नीचा विषय त्यांनी शेवटपर्यंत टाळला होता. हा रोग आपल्याकडून तिला लागला असेल का, आणि लोक आपल्या चारित्र्याबद्दल काय म्हणतील, या दोन काळज्या त्यात गुंतल्या होत्या. कर्करोग संसर्गाने पसरत नाही. या आजाराच्या जवळपास निम्म्या रुग्णांत एचपीव्ही विषाणू आढळतो. तो लैंगिक संबंधातून पसरतो हे खरे, परंतु तो इतका सर्वसामान्य आहे की एकाच जोडीदाराशी आयुष्य काढलेल्या माणसालाही तो होऊ शकतो. उरलेल्यांमध्ये न सरकणारी अग्रत्वचा, दीर्घकाळचा दाह, तंबाखू अशी कारणे असतात. एचपीव्हीमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोगही होऊ शकतो, म्हणून पत्नीने गर्भाशयमुखाची नियमित तपासणी करून घ्यावी, असे मात्र मी आवर्जून सुचवले.

पुढच्या भेटीला दोघे मिळून आले. शस्त्रक्रियेनंतर उभ्याने लघवी करता येईल का, शरीरसंबंध शक्य होईल का, हे प्रश्न पत्नीनेच विचारले. अवयवाचा पुरेसा भाग राहिल्यास दोन्ही बहुधा शक्य असते, संबंधांसाठी जखम पूर्ण भरून डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत थांबावे लागते, असे मी सांगितले. ग्रंथींचा अहवाल निर्दोष आला. पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी तपासणी आणि दरम्यान जागेची व जांघेची स्वतः पाहणी, हे वेळापत्रक आता त्यांच्या पत्नीच्या हाती आहे.