माकडांनी बाग खाल्ली, आता मुलगीही नेणार?

मावशी,
मी चोवीस वर्षांची आहे, दोडामार्ग तालुक्यातल्या एका गावात राहते. यंदा प्राणिशास्त्रात एमएस्सी झाले. आसामात जोरहाटजवळ होलोंगापार अभयारण्यात हूलॉक गिबन या झाडांवर राहणाऱ्या कपीचा अभ्यास करणाऱ्या एका गटानं मला वर्षभरासाठी फील्ड असिस्टंट म्हणून बोलावलंय. पगार बेताचा आहे, पण मला हेच करायचं होतं. घरी सांगितलं आणि बाबांनी बोलणं टाकलं. आमची नारळ-केळीची बाग आहे, थोडे काजू आहेत. लाल तोंडाची माकडं आणि वानर दरवर्षी कोवळे नारळ पाडतात, केळीचे लोंगर खाऊन जातात. बाबा पहाटेपासून राखणीला बसतात. ते एवढंच म्हणाले, ‘माकडांनी बाग खाल्ल्यानी, आता माझ्या चेडवाकय नेतत.’ आई बचत गट चालवते. मी जावं असं तिला वाटतं हे मला कळतं, पण ती बाबांसमोर बोलत नाही. आत्या म्हणते, जंगलात वर्ष काढलेल्या मुलीला स्थळ कोण आणणार. मी स्वार्थी आहे का? बाबांच्या वैऱ्याची बाजू घेतेय असं रात्री मलाच वाटायला लागतं.
— रानवेडी

रानवेडी,

जा. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको. मात्र बाबांचं ते एक वाक्य नीट ऐकल्याशिवाय जाऊ नकोस. मी तुझं पत्र चार वेळा वाचलं आणि चारही वेळा तिथेच थांबले. त्यात रागापेक्षा दुःख जास्त आहे. ज्यानं आपलं वर्षाचं पीक नेलं त्याच्याच पायी मुलगीही लांब जाते आहे, असं त्या माणसाला दिसतंय.

माझ्या आजोळी वानर कौलांवर उतरले की आजी पत्र्याचा डबा बडवत अंगणात धावायची. शनिवारी त्याच हातांनी मारुतीला रुईची माळ घालायची. फुटलेली कौलं मोजताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. तिला वानर मारायचे नव्हते आणि घरही गळू द्यायचं नव्हतं. तुझे बाबा याच कोंडीत आहेत, असं मला वाटतं. कोकणात अशी माणसं घरोघरी आहेत.

‘वैरी’ हा शब्द तू वापरलास, म्हणून तुला काही माणसांबद्दल सांगते. वानरकुळातल्या प्राण्यांसाठी ज्यांनी खरोखर काही करून दाखवलं, ती सगळी फिरून फिरून शेताच्या बांधावर आणि चुलीपाशीच येऊन पोचली.

चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या जेन गुडाल तुला माहीत असणारच. पण त्यांच्या आईबद्दल कुणी शिकवलं का? १४ जुलै १९६० रोजी जेन गोंबेच्या किनाऱ्यावर उतरल्या तेव्हा २६ वर्षांच्या होत्या आणि त्यांच्याकडे कुठलीही पदवी नव्हती. आजच्या टांझानियातला हा भाग तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होता, आणि एकट्या मुलीला तिथे राहू द्यायला अधिकारी तयार नव्हते. तेव्हा आई, व्हॅन गुडाल, लेकीबरोबर जंगलात राहायला गेल्या. मुलगी दिवसभर डोंगरात चिंपांझींच्या मागावर असायची, आणि आईनं खाली तळ्याकाठी कोळ्यांसाठी लहानसा दवाखाना मांडला. साधी औषधं, जखमा धुणं, मलमपट्टी, एवढंच. पण त्यानं आसपासची माणसं आपली झाली. चिंपांझी गवताची काडी वारुळात घालून वाळवी काढतो, म्हणजे तो हत्यार वापरतो, हे जेननी त्याच वर्षी पाहिलं आणि ते जगभर गाजलं. त्या दवाखान्याची गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. मला ती वाळवीच्या काडीइतकीच मोलाची वाटते.

आणि पुढचं तर तुझ्या बाबांना वाचून दाखव. तीसेक वर्षांनी जेननी गोंबेवरून लहान विमानातून चक्कर मारली तेव्हा अभयारण्याबाहेरचे डोंगर उघडेबोडके झाले होते. त्या जमिनीला पोसता येतील त्याहून जास्त माणसं तिथे राहत होती आणि पोटासाठी झाडं तोडत होती. ही माणसं अशीच जगत राहिली तर चिंपांझी वाचणार नाहीत, हे त्यांनी ओळखलं. १९९४ मध्ये तिथे ‘टाकारे’ नावाचं काम सुरू झालं. आधी टांझानियातलेच कार्यकर्ते गावोगाव गेले आणि तुम्हाला काय हवंय असं विचारलं. लोक चिंपांझींबद्दल बोलले नाहीत. दवाखाना, मुलांची शाळा, जास्त पीक, हे त्यांनी मागितलं, आणि काम तिथूनच सुरू झालं. बायकांना छोटी कर्जं मिळाली, मुलींना शिष्यवृत्त्या मिळाल्या, कुटुंब नियोजनाची माहिती गावातल्याच माणसांनी घरोघरी पोचवली. नंतर गावांनीच आपल्या जमिनीतला काही भाग जंगलासाठी राखून ठेवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये, ९१ वर्षांच्या असताना, व्याख्यानांच्या दौऱ्यावरच जेनबाई गेल्या. अखेरपर्यंत त्या हेच सांगत होत्या.

दुसरी बाई युगांडाची, डॉ. ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका. त्यांची गोष्ट तर थेट तुमच्या बागेतली वाटेल. १९९६ मध्ये त्या पंचविशीतल्या पशुवैद्य होत्या. ब्विंडीच्या जंगलातल्या पर्वतीय गोरिलांचे केस गळायला लागले, कातडीला खपल्या धरल्या. खरूज होती. एक पिल्लू दगावलं, बाकीचे उपचारांनी बरे झाले. पण जंगलातल्या गोरिलांना माणसाची खरूज आली कुठून? गोरिला केळीच्या बागांत शिरत होते आणि तिथे त्यांना हाकलायला उभ्या केलेल्या बुजगावण्यांच्या अंगावर गावातले जुने, न धुतलेले कपडे होते. रोग त्यातून गेला असावा, असा माग लागला. त्या घरांत साबण नव्हता, दवाखाना दूर होता, म्हणून खरूज होती. औषध फक्त गोरिलाला देऊन ती थांबणार नव्हती.

२००३ मध्ये त्यांनी संस्था काढली. गावातलेच स्वयंसेवक, बायका आणि पुरुष, घरोघरी जाऊन हात धुणं, क्षयाची लक्षणं, पाळणा लांबवणं यावर बोलतात आणि त्याच फेरीत गोरिला कुणाच्या शेतात आले होते हेही टिपून घेतात. गोरिला शेतात शिरले तर त्यांना इजा न करता जंगलात परत वळवणारे गावकरी आहेत. २०१५ पासून त्या भागातल्या शेतकऱ्यांची कॉफी चांगला भाव देऊन विकत घेतली जाते, म्हणजे पोटासाठी जंगलात शिरायची वेळ येऊ नये. पर्वतीय गोरिलांची संख्या आता हजाराच्या वर आहे, आणि २०१८ मध्ये धोक्याच्या सर्वांत वरच्या पायरीवरून त्यांना एक पायरी खाली आणलं गेलं. याचं श्रेय अनेकांचं आहे, पण केळीच्या बागेतलं ते बुजगावणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

तुझ्या आईसाठी कोलंबियातली एक गोष्ट. तिथे तिती नावाचं अर्धा किलोसुद्धा न भरणारं माकड आहे, डोक्यावर पांढऱ्या केसांचा तुरा असलेलं. एकेकाळी प्रयोगशाळांसाठी ती हजारोंनी परदेशी पाठवली गेली, मग जंगलं तुटली. अ‍ॅन सॅवेज या शास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात तिथे अभ्यास सुरू केला. गावाच्या कडेनं प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे ढीग होते. गावातल्या बायकांनी त्या धुऊन, कापून, त्यांची दोरी करून क्रोशानं विणायला घेतलं. मोचिला म्हणजे तिकडची खांद्याला लावायची पारंपरिक पिशवी. ती कापसाच्या सुतासारखीच या प्लॅस्टिकच्या दोरीनं विणली. एका मोचिलात शंभराच्या आसपास पिशव्या खपतात. तो त्या बायकांचा स्वतःच्या हातचा पैसा झाला, आणि तिती जगलं तर आपलं काम चालेल, हे गावानं त्यांच्याकडूनच ऐकलं.

हे वाचून आई तुला काय विचारेल ते मी सांगू शकते: आणि आमच्याकडे?

तुमच्याकडे माकडताप आहे. २०१६ मध्ये तो दोडामार्गात आला तेव्हा तू शाळेत असशील, ती भीती तुला आठवत असेल. गावात अजून म्हणतात की माकडं ताप आणतात. तू प्राणिशास्त्र शिकलीस, तुला माहीत आहे की विषाणू गोचिडीच्या चावण्यातून येतो आणि त्या तापानं माकडं स्वतःच पटापट मरतात. मेलेल्या माकडाच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी पालापाचोळ्यात पसरतात. आणि त्या पाचोळ्यात कोण जातं? पातेरा गोळा करायला, काजू वेचायला, सरपणाला बायकाच जातात. रानात माकड मरून पडलंय हे सगळ्यांत आधी त्यांनाच दिसणार. हात न लावता त्याच दिवशी आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवायचं, रानात जाताना अंगभर कपडे घालायचे, घरी आल्यावर अंघोळ करून अंगावर गोचीड आहे का बघायचं, हे आईच्या बचत गटाच्या बैठकीत कुणीतरी सांगायला हवं. जायच्या आधी तू सांग. आईला बोलायला बळ मिळेल, आणि तू शिकलेलं विज्ञान आपल्या अंगणात उपयोगी पडतं हे बाबांच्या कानावर आपोआप जाईल.

आता बाबांकडे कसं जायचं ते. जंगलाचं महत्त्व, माकडांचे हक्क, हे काहीही त्यांच्यासमोर काढू नकोस. जाण्याआधीचे आठ दिवस पहाटे त्यांच्याबरोबर राखणीला बस. एक वही ने. टोळी किती वाजता आली, कुठल्या बाजूनं, किती जणांची, मोठी किती, पिल्लं किती, काय खाल्लं, काय नुसतं पाडलं, किती नारळ गेले, सगळं लिही. फोटो काढ. जोरहाटला तुला नेमकं हेच काम करायचं आहे, फक्त प्राणी वेगळा. नुकसानभरपाईचा अर्ज, पंचनामा करायची वेळ आली तर तारखेनिशी लिहिलेली ती पानं बाबांच्या हातात असतील. आणि मुख्य म्हणजे त्यांनी इतकी वर्षं पहाटे बसून जे पाहिलंय ते ऐकून घ्यायला पहिल्यांदा कुणीतरी शेजारी बसलेलं असेल. पहिले दोन दिवस ते बोलणार नाहीत. तिसऱ्या दिवशी टोळीतला मोठा नर कुठला ते तेच दाखवतील, असा माझा अंदाज आहे.

आईला सांग, तुला पोचवायला तिनं जोरहाटपर्यंत यावं. प्रवास लांबचा आहे, खर्च आहे, तरी सांग. तू कुठे राहणार, कुणाबरोबर जेवणार, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं की बाबांना तिच्या तोंडून कळेल, आणि ते तुझ्या दहा फोनांपेक्षा जास्त पटेल.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. हो म्हणण्याआधी त्या गटाकडून लेखी घे: पगार किती आणि कधी, राहायची खोली, संडास, आणखी मुली आहेत का, जंगलात एकटीला पाठवतात का, मलेरिया झाला किंवा पाय मोडला तर दवाखान्यात कोण नेणार आणि पैसे कोण भरणार. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर २०१३ च्या कायद्यानं त्यांच्याकडे लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत तक्रार समिती असायलाच हवी. तिच्यावर कोण आहे ते विचार. विचारल्यावर कुणी कपाळाला आठ्या घातल्या तर तिथे जाऊ नकोस, मला कळव, आपण दुसरी जागा शोधू. प्राण्यांवर प्रेम आहे म्हणून मुलींनी गैरसोय आणि भीती मुकाट्यानं सोसावी, हे मला मान्य नाही.

आत्याचं म्हणणं ऐकून घे आणि सोडून दे. तुझ्या कामाची ज्याला लाज वाटेल ते स्थळ न आलेलंच बरं.

आणि स्वार्थी? नाही गं. हूलॉक गिबन हा आपल्या देशातला एकमेव बिनशेपटीचा कपी, आणि तो जमिनीवर फार क्वचित उतरतो. होलोंगापारचं जंगल जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं, चहाच्या मळ्यांनी वेढलेलं, मधून रेल्वेचा रूळ गेलेला. फांद्यांची वाट तुटली की रुळापलीकडचा गिबन अलीकडे येऊ शकत नाही. हे पाहायला, मोजायला, लिहायला कुणीतरी पाहिजे. बागेच्या राखणीत वाढलेली मुलगी तिथल्या मळ्यातल्या बायकांशी ज्या जिव्हाळ्यानं बोलेल, तसं शहरातून आलेल्या कितीजणांना जमेल?

आज रात्री बाबांना एवढंच विचार, माकडं बागेत यायला लागली ती साधारण कुठल्या वर्षापासून, आणि तेव्हा वरच्या डोंगरावर काय होतं. वही जवळ ठेव. ते सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत, पहिल्या पानावर उतरवून घे.

तुझी,
मावशी