शपथ घेतली, पुढे काय?

प्रश्न : ‘माझी वसुंधरा’ अभियानात आमच्या गावातील पुष्कळ रहिवाशांनी हरित शपथ घेतली, परंतु प्रभागाच्या बैठकीला मोजकेच लोक येतात. लोकांना कसे जोडून घ्यावे?
– एक वाचक

उत्तर : राज्याच्या पर्यावरण व वातावरणीय बदल विभागाने २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू केलेले हे अभियान भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांवर आधारलेले आहे, मात्र पाचही विषय एकदम मांडल्यास आपण नेमके काय करायचे, हेच रहिवाशाला उमगत नाही. म्हणून एक गल्ली आणि एकच काम निवडावे. आम्ही पाण्यापासून सुरुवात करू. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला, की सुमारे १,००० लिटर पाणी जमा होते. हे आकडे पत्रकात छापण्याऐवजी भर पावसात पन्हळीखाली पिंप ठेवावे, पहिल्या सरीचे गढूळ पाणी सोडून द्यावे आणि नंतरच्या नितळ पाण्याने पिंप किती लवकर भरते, हे शेजाऱ्यांना प्रत्यक्ष पाहू द्यावे. बैठक कार्यालयात सकाळी अकराला न ठेवता गल्लीतच, नळाचे पाणी भरून झाल्यावर ठेवावी. नाहीतर ज्या पाणी भरतात, त्या बायकाच बैठकीला नसतात. मागच्या बैठकीतील सूचनांचे काय झाले, हे मात्र सर्वांत आधी सांगावे.